दवण्याचा स्नो

एकोणीसशे चौसष्ट साल, आणि मी एकोणीस वर्षांचा. साल पक्कं आहे, कारण त्याच वर्षी मी मिशी राखली आणि ती आजतागायत उतरवलेली नाही. वय मात्र आईच्या हिशोबानं. ती म्हणायची, तू झालास तवा काळ्या मेंढीला जुळं झालं होतं, आणि आमच्या घरात माणसांच्या जन्माचा घोळ होईल, मेंढरांच्या नाही. शाळा म्हणाल तर तिसरी. चौथीच्या पहिल्याच दिवशी मास्तरांनी उभं राहायला सांगितलं, कशाबद्दल ते सांगितलं नाही, म्हणून मी उठलो तो चालत घरीच आलो. त्याचं मला वाईट वाटत नाही. आता नातीच्या कपाटात तोंडाला लावायच्या बाटल्या असतात, त्यांच्या पाठीवर मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात काय काय छापलेलं असतं. ती विचारते, "आजोबा, ह्यात वास कसला आहे ओळखा." मी झाकण काढतो, नाकाशी धरतो आणि सांगतो. निम्म्या वेळा बरोबर निघतं. उरलेल्या निम्म्या वेळा बाटलीवर चुकीचं छापलेलं असतं.

आम्ही माणदेशातले धनगर. दसरा झाला की आमची मेंढरं पश्चिमेला निघायची, घाट उतरून कोकणाच्या अंगाला, आणि होळीच्या आसपास परत. सतरा वर्षांचा होईतो मीही गेलो. चालण्याचा मला कंटाळा नव्हता, थंडीचाही नव्हता. आबांपुढं तोंड उघडायची सोय नव्हती, त्याचा कंटाळा होता. आबा म्हणजे माझे वडील. उंच, काटक, डोक्याला तांबडा पटका, आणि बोलणं एवढं थोडं की कुत्रीसुद्धा त्यांच्या भुवईकडं बघून उठायची. वळायचं कुठं, बसायचं कुठं, सगळं आबा ठरवायचे. एकदा एका ओढ्यावर मी म्हणालो, "आबा, हितं पानी न्हाई, म्होरल्या वळणाला थांबू."  आबांनी तिथंच काठी रोवली. माणसं, मेंढरं, कुत्री, सगळी तहानलेली बसून राहिलो, आणि उजाडल्यावर आबांनी काठी उपटली आणि एक शब्द न बोलता पुढं चालू लागले. मला तेवढं एक वाक्य हवं होतं, पाणी नव्हतं म्हणून. ते काही मिळालं नाही. मग मी सांगलीला थोरल्या बहिणीकडं आठ दिवसांसाठी म्हणून गेलो. दोन वर्षं झाली तरी ते आठ दिवस संपले नव्हते.

आक्काचं घर हळदीच्या पेठेमागं. दोन खोल्या आणि पुढं पत्र्याची पडवी. दाजी, म्हणजे तिचे मालक, हळदीच्या वखारीत हमाल. त्या वेळी हळद जमिनीतल्या पेवात साठवत. पेव म्हणजे जमिनीच्या पोटातला भला मोठा रांजण समजा. दाजी दोरीनं आत उतरायचे आणि पोती भरून वर पाठवायचे. त्यामुळं ते बारमाही पिवळे. कानाच्या पाळ्या पिवळ्या, नखं पिवळी, आणि पडवीत ज्या भिंतीला टेकायचे तिच्यावर त्यांच्या पाठीचा पिवळा ठसा. आक्का तो सारवून सारवून थकली होती. नवा पाहुणा आला की विचारायचा, "घरात लगीन काडलंय काय?" पहाटे आधी जात्याची घरघर, मग दाजींच्या शिंका, मग पेठेकडं निघालेल्या बैलगाड्यांचा खडखडाट. दाजींची शिंक म्हणजे घागर फुटल्यासारखी. शेजारणी तिच्या वेळेवर चूल पेटवायच्या. जेवायला ज्वारीची भाकरी, निखाऱ्यावर भाजलेलं कृष्णाकाठचं वांगं, त्यात कच्चा कांदा, शेंगदाण्याचं कूट, आणि ताटाच्या कडेला लसणाचा खर्डा. सांजच्याला दाजी कागदाच्या पुडीतून भडंग आणायचे, तेही थोडं पिवळंच. आता सून मला भरीत करून देते, गॅसवर वांगं भाजते. चांगलं असतं. भरीत नसतं, पण चांगलं असतं.

दाजींच्या ओळखीनं मी तात्यांच्या कारखान्यात लागलो. कारखाना म्हणजे तात्यांच्या घरामागची शेड. तात्या आधी उदबत्त्या करायचे, मग उटणं, मग साबण, आणि साबण कुणी घेईना तेव्हा स्नो. त्या वेळी बायका तोंडाला पावडरीआधी स्नो लावायच्या, पांढरा, लोण्यासारखा, लावला की जिरून जाणारा. एका पातेल्यात मेणासारख्या पांढऱ्या वड्या वितळवायच्या, दुसऱ्यात खाराचं गरम पाणी आणि ग्लिसरीन, मग दोन्ही एकत्र करून थंड होईतो घोटायचं. घोटायचं काम माझं. अगदी शेवटी, कोमट झाल्यावर, वास टाकायचा. आधी टाकला तर वाफेबरोबर उडून जातो. वासाचं काम लिमये म्हणून केमिस्ट होते त्यांचं. कॉलेजात शिकलेले, बारीक, चष्म्याला दोरा बांधलेले. चांगला माणूस. त्यांच्याशी मी रोज भांडायचो. डब्या भरायला शांताबाई होत्या, आक्काच्या वयाच्या, मूळच्या कुंडलच्या. त्यांच्या घरानं धम्म घेतला होता. शेडमधल्या बायांचं उपासतापासाचं बोलणं सुरू झालं की त्या म्हणायच्या, "आमी समदे देव हिरीत सोडून आलो बायांनो. आता हात मोकळे हायत. आना डब्या."

स्नोला मुंबईहून गुलाबाचा सेंट यायचा. त्या वर्षी तो यायचा बंद झाला, आणि वासाशिवाय स्नो म्हणजे पांढरा चिखल. तात्या पायरीवर डोकं धरून बसले होते. मी म्हणालो, "तात्या, दवणा घाला की." माझ्या ट्रंकेत कपड्यांच्या घडीत दवण्याची काडी होती. आबा दर चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर जायचे आणि येताना पटक्यात दवणा खोचून आणायचे. दोन वर्षं वाळून काडी झाली तरी त्याचा वास जागचा हलत नाही. मी धावत जाऊन ती काडी आणली. तात्यांनी चुरडून नाकाशी नेली आणि डोळे मिटले. "अय्यो! हे तर आपल्या दारचंच की रे, आणि आपण मुंबईकडं बघत बसलोय!" लिमयांनीही वास घेतला. म्हणाले, "वास सुंदर आहे. पण हा देवाला वाहायचा नाही, माणसाच्या तोंडाला लावायचा आहे. कातडीला सोसतो का, ते आधी बघायला पाहिजे."

फलटणकडच्या एका मळेवाल्यानं दवणा लावला होता. त्याच्याकडनं वाळलेले भारे आणले, तांब्याचं भांडं बसवलं, नळी जोडली, आणि शेडमध्ये अर्क काढायला सुरुवात केली. दारूबंदीचे दिवस. भांडं, नळी, थेंब थेंब गळणारी बाटली. शेजाऱ्यांनी जे समजायचं ते समजलं आणि दुपारी दारात हवालदार उभा. "काय चाललंय रं हितं? भट्टी लावलीया व्हय?" तात्या लिमयांच्या मागं सरकले. लिमयांनी बाटली पुढं केली. हवालदारानं बोट बुडवून नाकाशी नेलं, आणि काय झालं कुणास ठाऊक, त्यानं टोपी काढून काखेत घेतली, पायातल्या वहाणा दाराबाहेर सारल्या. "जोतिबाच्या नावानं चांगभलं," म्हणाला, बोट कपाळाला पुसलं आणि पाठ न दाखवता मागं मागं सरकत निघून गेला. आम्ही पोट धरून हसलो. आमच्या सगळ्या परीक्षेचं उत्तर त्या हवालदारानं त्याच दिवशी देऊन टाकलं होतं, पण खाकीतल्या माणसाकडं उत्तर म्हणून कोण बघतो?

लिमयांनी मग तो अर्क गोडेतेलात पातळ करून सगळ्यांच्या मनगटावर एकेक थेंब लावला आणि दिवसभर वास घेत फिरले. दवण्याची एक गंमत आहे, ती तुम्हांला बाटलीवर छापलेली मिळणार नाही. तो माणूस बघून वास देतो. तात्यांच्या हातावर त्याचा पिकलेल्या फणसासारखा वास यायला लागला, शांताबाईंच्या हातावर मनुकांसारखा गोड. दाजींच्या हातावर हळदीसारखा, पण तो दवण्याचा दोष नव्हे. माझं मनगट लिमयांनी हुंगलं, चष्मा काढून पुन्हा हुंगलं. मी म्हणालो, "बोला की सायेब." ते म्हणाले, "देवळात मेंढरू शिरल्यासारखं वाटतंय." माझ्या मते सगळ्यांत उत्तम वास तोच होता, आणि मी अजूनही त्या मतावर आहे.

खरं भांडण झालं ते अर्क किती घालायचा यावर. लिमये काचेच्या नळीनं थेंब मोजायचे. मी म्हणालो, "एवढ्यानं काय हुतंय? बाई गल्लीच्या तोंडाला आली की घरात कळाय पायजे." लिमये म्हणाले, "अरे, वास वाढवशील तसा तो कातडीला टोचेल. पाल्याचा अर्क आहे, गुलाबपाणी नव्हे." मी म्हणालो, "आमी जनमभर पटक्यात खोचतोय, आमच्या डोस्क्याला काय टोचलं न्हाई." तात्या माझ्या बाजूनं पडले; व्यापाऱ्याला भरपूर दिसलं की बरं वाटतं. पळीनं घातला. लिमयांनी एकच अट घातली, की बाजारात न्यायच्या आधी बायकांना डब्या वाटायच्या, आधी कोपराच्या आत लावून बघायचं, मग तोंडाला, आणि कुणाला लाली, पुरळ, खाज येते का ते विचारून यायचं. वाटायचं आणि विचारायचं काम माझ्याकडं. तात्या मला बाजूला घेऊन म्हणाले, "दवणा पास झाला तर तू कायम. नाही झाला तर दिवाळीनंतर शेडला कुलूपच की रे, तुला कुठं ठेवू?" आणि त्याच आठवड्यात गावाकडनं सांगावा आला. दसरा झाला की आबा मला न्यायला येणार होते. म्हणजे दवणा पास, तर मी सांगलीत. दवणा नापास, तर मी मेंढरांमागं, जिथं काठी रोवली जाईल तिथं.

त्यामुळं मी डब्या अशा वाटल्या की काय सांगू! एकेका दारात उभं राहून सांगितलं, "वैनी, हा साधासुधा स्नो न्हाई. साक्षात जोतिबाचा दवणा हाय ह्यात!" बायका दोन्ही हातांनी डबी घ्यायच्या. काही जणी पदर सावरायच्या. मला वाटलं, काय मान आहे माझ्या मालाला. दसऱ्यानंतर विचारायला गेलो. "काय पुरळ? खाज?" "न्हाई बाई, लय चांगलाय. काय सुदिक तरास न्हाई." एकजात सगळ्यांचं तेच. आक्कालाही विचारलं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "तरास कसला? उलट घरात परसन्न वाटतंय." तिची डबी मी रोज बघत होतो, देव्हाऱ्यात खंडोबाच्या टाकाशेजारी. मला वाटलं, घर लहान, ठेवायला जागा नसेल. लिमये तर आनंदानं शेडमध्ये येरझाऱ्या घालायला लागले. "एकीलाही लाली नाही? हे होतच नाही. इतकी सोसणारी चीज मी पाहिली नाही!" तात्यांनी डबीवर लावायच्या चित्राची चौकशी सुरू केली. मी मिशीला तेल लावलं.

दुसऱ्या दिवशी शांताबाई रिकाम्या डब्या गोळा करायला गल्लीत गेल्या, पुन्हा भरायला वापरता येतील म्हणून. परत आल्या त्या पाटी डोक्यावर घेऊन, आणि पाटी जड दिसत होती. तात्यांच्या पुढ्यात उतरवली. डब्यांवर हळदीकुंकवाची बोटं. एकीवर अक्षता चिकटलेल्या. एकीच्या गळ्यात तर झेंडूचं फूल बांधलेलं. खंडेनवमीला विळी-कोयत्याबरोबर तिचीही पूजा झाली होती.

"उघडून बघा," शांताबाई म्हणाल्या.

तात्यांनी एक उघडली, दुसरी उघडली, मग भराभर सगळ्या. लिमयांनी सुरीनं सपाट केलेला स्नो जसाच्या तसा, नव्या सारवलेल्या अंगणासारखा.

"एकीनंबी बोट बुडीवलं न्हाई," शांताबाई म्हणाल्या. "देवाचा दवना तोंडाला कोन लावनार? एक म्हनाली, घरात मटन शिजतंय. एकीची सासू म्हनाली, तोंड धुताना न्हानीत जाईल, पाप लागंल."

लिमये पोत्यावर बसले. "पण सगळ्या म्हणाल्या, त्रास नाही!"

"मग खोटं कुठं बोलल्या? देव्हाऱ्यात ठिवलेल्या डबीनं कुनाला खाज सुटतीया?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. तात्या म्हणाले, "जोतिबाचं नाव कुणी सांगितलं त्यांना?"

"म्या सांगितलं," मी म्हणालो. "काय चोरीचा माल हाय व्हय, नाव लपवायला?"

 लिमयांनी चष्मा पुसला. "निदान शांताबाई, तुम्ही तरी लावून बघितलात का?"

"मला कुठं दिलासा?" शांताबाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "गल्लीतल्या समद्या घरांस्नी वाटलासा. भरल्या म्या."

तात्या छताकडं बघायला लागले. "तसं काही नाही की शांताबाई, ते आपलं..." 'आपलं'च्या पुढं त्यांना शब्द सापडला नाही. मलाही नाही. लिमये उठले, नवी डबी उघडून त्यांनी शांताबाईंच्या पुढं धरली. शांताबाईंनी बांगड्या मागं सारल्या आणि कोपराच्या आत बोटभर स्नो नीट जिरवला. "आता बघा. आमच्यात मदी कोन देव न्हाई. जे असंल ते कातडी सांगंल."

तेवढ्यात दारात उजेड अडला. वर बघतो तर तांबडा पटका. आबा. खांद्यावर घोंगडं, आणि शहरात यायचं म्हणून रस्त्यावरच्या न्हाव्याकडनं गळ्यापर्यंत गुळगुळीत दाढी करून आलेले. दोन वर्षांनी बाप लेकाला भेटला, तो म्हणाला, "चल."

"आवं पावणं, या की, बसा की!" तात्या लगबगीनं पुढं झाले. सांगलीच्या व्यापाऱ्याची सवय, दारात आलेल्या माणसाच्या हाताला अत्तर लावायचं. अत्तर नव्हतं, म्हणून त्यांनी हातातली डबीच पुढं केली. आबांनी वास घेतला. त्यांच्या भुवया वर गेलेल्या मी जन्मात पहिल्यांदा बघितल्या.

"दवना?"

"दवना," मी म्हणालो.

आता गल्लीतल्या बायका आणि धनगर यांच्यात हा फरक आहे. बाई देवाची वस्तू देव्हाऱ्यात ठेवते. धनगर ती अंगाला फासतो. आम्ही बिरोबाचा भंडारा कपाळभर, गळाभर लावणारी माणसं. आबांनी डबीत दोन बोटं मुळापर्यंत घातली आणि भंडारा ओढतात तसा स्नो कपाळावर ओढला, मग हनुवटीपासून गळ्याच्या दोन्ही अंगांनी खाली. लिमये ओरडले, "अहो, एवढा नको! अहो बाबा!" पण आबांचे डोळे मिटले होते.

आबांच्या अंगात येतं हे आमच्या वाडीला माहीत होतं, तात्यांच्या शेडला नव्हतं. आधी खांदे हलायला लागले, मग मान, मग पोटातनं घुमणं सुरू झालं. पटका सुटला. डब्या भरणाऱ्या बाया हात जोडून उभ्या राहिल्या, तात्या तर सपशेल आडवे. लिमयांनी माझा दंड धरला. "यांना फिट येते का?" मी म्हणालो, "न्हाई सायेब, देव येतो." आणि म्हणता म्हणता माझ्या लक्षात आलं, की आबांशी बोलायची सोय नाही, पण देवाशी आहे. देवाला तर कुणीही विचारतं, पाऊस कवा, हरवलेलं कोकरू कुठं. मी पुढं जाऊन गुडघ्यावर बसलो.

"देवा, हे पोरगं सांगलीत ऱ्हायलं तर तुजं काय बिघाडतंय?"

"मेंढरं कोन राखनार?" देव गरजला.

"माजा धाकटा भाऊ हाय की. त्येला आवडतंय त्ये."

"बापाचा शबूद मोडतोस?"

"सतरा वर्सं ऐकला देवा! त्या वढ्यावरबी ऐकला. तूच सांग, व्हतं का पानी तितं?"

घुमणं मंदावलं.  देव बराच वेळ डुलत राहिला.

"न्हवतं," देव म्हणाला.

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मागनं तात्या जमिनीवरूनच कुजबुजत होते, "अरे, खपेल का ते विचार की! खपेल का!" मी विचारणार, एवढ्यात देवाचं अंग पुन्हा जोरात थरथरायला लागलं. मान गरगर फिरली, दोन्ही हात वर गेले. आता काहीतरी मोठी भाकणूक होणार म्हणून बायांनी डोकं टेकलं. देवानं छातीभर श्वास ओढला.

"खाजतंय!"

"काय देवा?"

"आरं लय खाजतंय रं!" आणि देवाचे दोन्ही हात गळ्यावर.

लिमये माझ्या डोक्यावरून उडी मारून पुढं आले. आबांच्या हनुवटीपासून गळ्यापर्यंत लालबुंद चट्टे उठले होते, जिथं जिथं वस्तरा फिरला होता तिथं तिथं. मागनं शांताबाईंचा शांत आवाज आला. त्यांनी कोपर उजेडाकडं धरलं होतं.

"मलाबी," त्या म्हणाल्या. "आन माझ्या अंगात कोन न्हाई."

लिमयांना एवढा आनंद झालेला मी नंतर त्यांच्या लग्नातही बघितला नाही. घागरभर गार पाणी आणून ते देवाची मान धुवायला लागले, तोंडानं चालूच, "सांगत होतो! जास्त झालाय! सांगत होतो!" पाण्यानं आबा भानावर आले. गळ्याला हात लावून सगळ्यांकडं बघितलं. "काय म्हनला देव?" विचारलं त्यांनी. तात्यांनी माझ्याकडं बघितलं, मी लिमयांकडं.  उत्तर शांताबाईंनीच दिलं. "देव म्हनला, वढ्याला पानी न्हवतं. आन खाजतंय."

आबांनी माझ्याकडं बघितलं.  मग पटका बांधायला घेतला. लोक आजही मला विचारतात, तुमच्या वडिलांच्या अंगात खरंच देव होता का. मी सांगतो, माझ्या बापानं हयातीत आपली चूक कबूल केली नाही. ते वाक्य देवाशिवाय कोण बोलणार?

तात्यांनी अखेर विचारलंच, "मग पास का नापास?" लिमये म्हणाले, "अजून परीक्षा कुठं झालीये? आता सुरू होईल. थेंब कमी करायचे, पुन्हा लावायचं, पुन्हा बघायचं. नाहीच सोसला, तर दवणा सोडून द्यायचा." तात्यांनी उसासा टाकला, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "तोवर घोटायला कुणीतरी लागणारच की." आबा गळ्याला ओलं फडकं धरून ऐकत होते. "नव्या रानात समदा कळप एकदम सोडत न्हाईत," ते हळूच म्हणाले. "आदी दोन मेंढरं." लिमये म्हणाले, "अगदी तेच!" आणि दोघांनी एकमेकांकडं बघून मान हलवली, जशी काही त्यांची जुनी ओळख आणि मीच तिऱ्हाईत.

सांजच्याला आक्कानं वांगं भाजलं. आबांनी गळ्याला खोबरेल चोपडलं होतं, पलीकडं दाजी पिवळे, मधे मी. तिघं जेवत होतो. आक्का वाढताना सारखी आबांच्या गळ्याकडं बघायची आणि पदर तोंडात धरायची. दुसरी भाकरी अर्धी झाल्यावर आबा म्हणाले, "धाकट्याला घिऊन जातो. हुळीला यीन तवा बघू तुजं काय त्ये." आणि खर्डा मागितला. तेवढंच. दाजींना त्याच वेळी शिंक आली आणि भडंगाची पुडी उडाली, म्हणून माझ्या तोंडावर काय उमटलं ते कुणी बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा उठायच्या आत मी शेडवर गेलो. लिमये आधीच आले होते. आम्ही वाटीभरच स्नो केला, या खेपेला काचेच्या नळीनं थेंब मोजून, आणि मी एक शब्दही बोललो नाही. वाटी झाकून घरी आणली तेव्हा आबा पडवीत दाजींच्या पिवळ्या ठशाला टेकून बसले होते. गाडीची वेळ झाली होती, पण घोंगडं अजून खांद्यावर घेतलेलं नव्हतं. त्यांनी वाटीकडं बघितलं आणि उजव्या हाताची बाही वर सारली.

"एक दिस थांबतो," ते म्हणाले. "लाव. कमी लाव."

मी काडीच्या टोकानं तांदळाच्या दाण्याएवढा स्नो घेतला, त्यांच्या कोपराच्या आत जिरवला आणि वरून आक्काच्या जुन्या लुगड्याची पट्टी बांधली. "उद्यापतुर खाजवायचं न्हाई, आबा."

"आन देव आला तर?"

"त्येलाबी सांगा," मी म्हणालो.